टॅलबॉटची शपथ आणि माझी

मंगळवार, ६ मे

आज पाच महिन्यांनी घोड्याचा वास आला. मुलाकडे परदेशी राहायला आल्यापासून पहिल्यांदाच.

स्कोफिल्ड्सच्या दुकानांसमोर बायकोची, सुनेत्राची वाट बघत उभा होतो. ती आत कोथिंबीर निवडत होती, म्हणजे वीस मिनिटं नक्की. शेजारी एक जुनी यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, येऊन थांबली. मागे गवताच्या चार गासड्या आणि एक खोगीर. पाय आपोआप तिकडे वळले. एका गासडीत बोटं खुपसली, वास घेतला आणि तोंडातून निघून गेलं, "अरेरे, बुरशी लागलीय याला."

"काय सांगता! माझ्या पुतणीच्या घोड्यांसाठी चाललंय हे, तिला सांगायला पायजे," ड्रायव्हरच्या खिडकीतून आवाज आला. चक्क मराठीत.

हेन्री तुस्कानो. मूळचे वसईचे, वय सत्तर. पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यात एकोणतीस वर्षं फिटर होते. आता ब्लॅकटाउनला राहतात आणि घरामागच्या शेडमध्ये चिलखतं बनवतात. मी विचारलं, चिलखतं कशाला? तर म्हणाले, "घालायला!"

मी एकतीस वर्षं पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर घोड्यांचा डॉक्टर होतो हे कळल्यावर त्यांनी आधी माझे पाय पाहिले, मग छाती, मग चेहरा. घोडा पारखताना मी याच क्रमाने बघायचो.

"वय काय डॉक्टर तुमचं?"

"सहासष्ट."

"घोड्यावर बसता येतं?"

"येतं," मी म्हटलं. खोटं नव्हतं. येतंच. विचारलं असतं 'बसता का', तर उत्तर वेगळं होतं. तेवढ्यात सुनेत्रा पिशवी घेऊन आली आणि विषय कोथिंबिरीवर गेला. हेन्रींची बायको मेरिल घरी शिवणाचा वर्ग चालवते म्हणे. सुनेत्राने लगेच नंबर घेतला. बरं झालं. तिलाही इथे कोणीतरी हवंच आहे.

शुक्रवार, ९ मे

हेन्रींनी फोनवर तास घेतला. त्यांचा चाळीसएक जणांचा गट आहे. दर जुलैत जुन्या इंग्रज पोशाखांचा एक मेळा भरतो, त्यात हे लोक एखादी लढाई करून दाखवतात. या वर्षी फ्रान्समधली कास्तियोंची लढाई, १४५३, इंग्रज विरुद्ध फ्रेंच. नायक जॉन टॅलबॉट, श्रूजबरीचा अर्ल, म्हणजे बडा इंग्रज सरदार.

हा माणूस मला आवडला. वेल्स, आयर्लंड, फ्रान्स, जन्मभर लढतच होता. फ्रान्समधल्या आया म्हणे पोरांना त्याच्या नावाने भीती घालायच्या. दोनदा शत्रूच्या हाती सापडला. दुसऱ्यांदा सुटताना त्याने फ्रान्सच्या राजाला शब्द दिला, की पुन्हा तुमच्याविरुद्ध चिलखत अंगावर चढवणार नाही. आणि साधारण माझ्या वयाचा असताना पुन्हा फ्रान्सवर चालून गेला! चिलखत मात्र घातलं नाही. लाल झगा घातला आणि लहानशा पांढऱ्या घोड्यावरून तोफांच्या समोर गेला.

"शब्द पाळला की मोडला, तुम्हीच सांगा," हेन्री म्हणाले. "आमच्या गटात यावरून दोघं बोलत नाहीत एकमेकांशी."

मी म्हटलं, अर्थात पाळला. चिलखत घालणार नाही म्हणाला, नाही घातलं.

त्यांच्या गटातली तरणी पोरं घोड्यावर बसतात, पण म्हातारी दिसत नाहीत. जे म्हातारे आहेत ते बसत नाहीत. म्हणून मी.

आता माझी अडचण लिहून ठेवतो. तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या फार्मवर एका तट्टावरून पडलो. मांडीचं हाड, प्लेट, चार महिने पलंग. सुनेत्राने सगळं केलं, एक शब्द बोलली नाही. पाचव्या महिन्यात देवासमोर उभं करून माझ्याकडून वदवून घेतलं, की पुन्हा घोड्यावर बसणार नाही. मी हेन्रींना म्हटलं, विचार करतो.

बुधवार, १४ मे

विचार केला. घोडा बघायला हरकत नाही. बघणं म्हणजे बसणं नव्हे.

घरी सांगितलं, लायब्ररीत जातो. मुलगा हृषिकेश आणि सून ऋचा ऑफिसला, नात शाल्मली शाळेत, सुनेत्रा मेरिलच्या वर्गाला. कोणाचं काही अडत नव्हतं. हेन्रींनी यूटमधून रिव्हरस्टोनच्या पलीकडे नेलं. इझाबेला ही त्यांची पुतणी, जन्म इथलाच, पन्नाशीची. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. तिचे सात घोडे.

टॅलबॉटच्या पांढऱ्या घोड्याचं काम करणार आहे बिस्किट. वय चौदा, उंची बेताची, रंग दुधात थेंबभर चहा पडल्यासारखा. मागचा डावा खूर जरा जास्त वाढलेला. डोळा शांत. चाल अशी, की पाठीवर पाण्याचा पेला ठेवावा. मी खरारा केला, चारही पाय उचलून पाहिले. माझ्या खिशात तो नाक घालत होता. गाजर होतं.

घरी आल्यावर हात दोनदा साबणाने धुतले. सुनेत्रा म्हणाली, "लायब्ररीत धूळ फार दिसते." मी म्हटलं, जुनी पुस्तकं.

गुरुवार, २२ मे

आठवड्यात तीन दिवस जातोय. बिस्किटला तोफांच्या आवाजाची सवय करायची आहे. खऱ्या तोफा नाहीत, पण धूर आणि मोठा आवाज असतो. हेन्री लांबून पत्रा बडवतात, मी बिस्किटच्या तोंडाशी गाजर धरून उभा. रोज पत्रा दहा पावलं जवळ. आज साठ पावलांवरही त्याने फक्त कान हलवला.

सुनेत्राला शिवण फारच मानवलंय. घरात लाल धागे सापडतात. काल जेवताना विचारलं, "अहो, छाती किती तुमची आता?" इथे मेमध्ये थंडी वाढते, स्वेटर विणत असेल. लाल मला शोभत नाही, पण बोललो नाही.

काल हृषिकेशने विचारलं, "बाबा, बीपीची गोळी घेतली?" म्हटलं, घेतली. एवढंच संभाषण. तो वाईट नाही. दमून येतो. पण तो मला विचारतो ते सगळं माझ्या शरीराबद्दल असतं. तो आता माझा डॉक्टर झालाय आणि मी त्याचा घोडा.

शनिवार, ३१ मे

मोडली. शपथ मोडली की नाही यावर मतभेद होऊ शकतो.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, नीट बसतो की नाही ते खोगिरावर वजन पडल्याशिवाय कळत नाही. इझाबेलाचा खांदा दुखतोय, हेन्रींचं वजन पंच्याण्णव किलो. राहिलो मी. दोन मिनिटं बसलो. मग तपासणीच करायची तर चालीवर करावी म्हणून एक फेरी मारली. मग दुसरी.

तीन वर्षांनी जग पुन्हा योग्य उंचीवरून दिसलं. खाली उतरल्यावर रडू आलं, ते बिस्किटच्या मानेत पुसलं. हेन्रींनी पाहिलं आणि गवताच्या गासड्या मोजायला गेले. चांगला माणूस.

टॅलबॉटबद्दल पुन्हा विचार करतोय. शब्द पाळायचा म्हणजे अक्षर पाळायचं की देणाऱ्या-घेणाऱ्याच्या मनातलं पाळायचं? फ्रान्सच्या राजाला चिलखताशी काय देणंघेणं? त्याला हा माणूस पुन्हा समोर नको होता. हे टॅलबॉटला कळत नसेल असं वाटत नाही.

मलाही कळतंय, असं मात्र इथे लिहिणार नाही.

सोमवार, ९ जून

इथे इंग्रजांच्या राजाच्या वाढदिवसाची सुट्टी. सगळे घरी, त्यामुळे फार्म नाही. सुनेत्राने शिरा केला. जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काही सांगायचंय का तुम्हाला?"

"नाही. का?"

"सहज."

मग उठून भांडी घासायला गेली. डिशवॉशर असताना.

बुधवार, १८ जून

फार वाईट दिवस. क्रमाने लिहितो.

सकाळी साडेअकराला फार्मवर पोचलो. बिस्किट कोपऱ्यात उभा, पुढच्या पायाने जमीन उकरतोय, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघतोय. सकाळचं गवत तसंच. कुशीला कान लावला. पोटात गुडगुड हवी, ती नाही. पोटशूळ. घोडा पोटाच्या दुखण्याने तासाभरात आडवा होऊ शकतो, आणि आतडं पिळलं तर उठत नाही.

मला इथे औषध द्यायची परवानगी नाही. इझाबेलाला म्हटलं, आत्ताच्या आत्ता इथल्या डॉक्टरला बोलाव, आणि काय काय दिसतंय ते मी सांगतो तसं सांग. डॉक्टर दुसरीकडे अडकली होती, दोन वाजता पोचेन म्हणाली. तोवर बिस्किटला लोळू द्यायचं नव्हतं. मी त्याला चालवत राहिलो. तो बसायला बघायचा, मी दोरी ओढून त्याच्याशी बोलायचो. मराठीतच. त्याला काय.

डॉक्टर सव्वादोनला आली. तिशीची मुलगी, हात उत्तम. इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून तेल सोडलं. मला म्हणाली, अजून दोन तास नजर ठेवा, लीद पडली तर जिंकलो. पावणेपाचला बिस्किटने लीद टाकली. मी, हेन्री आणि इझाबेला टाळ्या वाजवत उभे राहिलो.

मग खिशातून फोन काढला. आवाज बंद होता. एकोणीस मिस्ड कॉल.

शाल्मलीला तीन वाजता शाळेतून मी आणायचं होतं.

घरी पोचलो तेव्हा सगळे बैठकीत. शाळेने हृषिकेशला फोन केला होता. तो मीटिंग सोडून शहरातून आला, तोवर शाल्मली शाळेच्या ऑफिसात सव्वाचारपर्यंत बसून. तिने मला बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "आजोबा, यू फर्गॉट मी."

हृषिकेश म्हणाला, "बाबा, मी हॉस्पिटलांना फोन करत होतो. कळतंय का तुम्हाला? दोन हॉस्पिटलांना."

मी सगळं सांगितलं. घोडा, टॅलबॉट, लायब्ररी, सगळं. सांगताना सुनेत्राकडे बघत नव्हतो. शेवटी बघितलं. ती म्हणाली, "झालं सांगून?" आणि आत गेली.

गुरुवार, १९ जून

सुनेत्रा सकाळी चहा घेऊन मागच्या अंगणात आली. दोन कप. म्हणजे बोलायचं होतं.

"घोड्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं," ती म्हणाली. "एकतीस वर्षं तुमचे फार्मवरचे कपडे धुतलेत. साबणाने जातो तो वास?"

मी हात नाकाशी नेऊन पाहिला.

"गाजरं संपत होती. घरात गाजर कोणाला आवडतं? मेरिलला विचारलं, तिने सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते. पाच आठवडे. शिरासुद्धा केला. काल मेरिलने हेन्रींना फोन लावला, तोही कोणी उचलला नाही, मग हृषिकेशला मी काय सांगणार?"

मी म्हटलं, तुझ्यासमोर शपथ घेतली होती, ती मोडली, आता काय म्हणशील ते कबूल.

"शपथेचं काय घेऊन बसलात," ती म्हणाली, आणि आवाज चढला. "पडलात तेव्हा मला फोन कोणी केला आठवतं? मोतद्दाराने. 'ताई, साहेब हलत नाहीयेत' एवढं बोलून त्याचा फोन बंद पडला. फार्मवर पोचायला दीड तास लागला. तो दीड तास मी कसा काढला, हे तीन वर्षांत तुम्ही एकदा तरी विचारलंत?"

नव्हतं विचारलं. खरंच नव्हतं. मला वाटायचं, ती घोड्यांवर चिडलीय.

आज विचारलं. तिने सांगितलं. रिक्षा बदलली तेव्हा चप्पल राहिली होती तिची, अनवाणीच फार्मवर आली होती. मी स्ट्रेचरवर होतो, मला तिचे पाय कुठून दिसणार. ते इथे सविस्तर लिहीत नाही, ते तिचं आहे. चहा गार झाला, मी परत करून आणला.

मग आत जाऊन एक पिशवी घेऊन आली. लाल झगा. गुडघ्याच्या खालपर्यंत, बाह्या रुंद, काठाला सोनेरी पट्टी. स्वेटर नव्हता तर!

"मेरिल करणार होती. पण तुमचा उजवा खांदा खाली आहे, तिला कुठून माहीत," ती म्हणाली. "बसायचं तर बसा. पण नवीन शपथ घ्यायची. हेल्मेट. झग्याच्या आत ते जाड जाकीट, इझाबेलाकडे असतं ते. आणि जाताना 'घोड्यावर बसायला चाललोय' असं तोंडाने सांगून जायचं."

म्हटलं, टॅलबॉटने चिलखत न घालायची शपथ घेतली होती.

"म्हणून मेला," सुनेत्रा म्हणाली.

रविवार, २२ जून

शाल्मलीची माफी मागितली. तिने अट घातली: बिस्किटला भेटायचं. सगळे गेलो. हृषिकेशने गाडी काढली. रिव्हरस्टोनच्या सिग्नलला त्याने विचारलं, "बाबा, हा टॅलबॉट नक्की कोण?"

सहा महिन्यांत गोळ्यांखेरीज त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. मी सुरू झालो तो फार्म येईपर्यंत. शेवटी म्हणाला, "तुम्हाला इथे कंटाळा येतोय हे दिसत होतं मला. काय करायचं ते सुचत नव्हतं. म्हणून गोळ्यांचं विचारायचो."

मी म्हटलं, गोळ्या वेळेवर घेतोय. दोघंही हसलो.

फार्मवर शाल्मलीने बिस्किटच्या नाकाला हात लावला आणि 'हिज नोज इज लाइक अ पीच' म्हणाली. सुनेत्रा कुंपणाच्या बाहेरच उभी राहिली, हाताची घडी घालून.

शनिवार, ५ जुलै

शाळेला सुट्टी लागली. रोज सराव. शाल्मली पत्रा बडवते, हेन्रींपेक्षा जोरात. बिस्किट जांभई देतो. मेरिलने हेल्मेटवर लाल मखमल चढवून त्याची सरदारी टोपी केलीय. लांबून कळत नाही. जवळून मी सजवलेल्या नारळासारखा दिसतो असं ऋचाचं मत.

रोज निघताना मोठ्याने सांगतो, "घोड्यावर बसायला चाललोय." सुनेत्रा आतून म्हणते, "ऐकलं."

रविवार, १३ जुलै

झाली लढाई. हरलो, मेलो, घरी आलो.

मैदानावर दीडेक हजार लोक असतील. ऊन छान, वारा गार. हेन्री टॅलबॉटचा भालदार, म्हणजे त्याचे निरोप नेणारा, त्याच्या नावाने ललकारणारा. निवेदकाने गोष्ट सांगितली: सकाळी टॅलबॉट प्रार्थनेत असताना निरोप आला, की फ्रेंचांच्या छावणीतून धूळ उठतेय, शत्रू पळतोय. पळत कोणी नव्हतं, फक्त जादा घोडे बाहेर काढत होते. माझ्यासारखा कोणी सोबत असता तर सांगितलं असतं, की स्वाराविना पळणाऱ्या घोड्यांची धूळ वेगळी दिसते. असो. पायदळाची वाट न बघता म्हातारा निघाला.

मी निघालो. आधी चाल, मग दुडकी, मग मोकळी दौड. झगा मागे उडत होता, काखेत कुठेही घट्ट नव्हता. तोफा धडधडल्या, धूर आला. बिस्किटने कान हलवला. माझ्या मांडीतली प्लेट काही बोलली नाही. त्या साठ-सत्तर पावलांत मी सहासष्ट वर्षांचा नव्हतो आणि पंचविशीचाही नव्हतो. वयच नव्हतं.

ठरल्या जागी थांबून मी मेलो, म्हणजे काळजीपूर्वक उतरलो आणि आडवा झालो. बिस्किटने मला हुंगलं आणि झग्याच्या बाहीत गाजर शोधायला लागला. लोक हसले. हसू द्या.

मग हेन्री आले. टॅलबॉटचं प्रेत चेहऱ्यावरून ओळखू येईना, तेव्हा भालदाराने तोंडात बोट घालून पडलेल्या दाताची जागा चाचपली आणि आपला धनी ओळखला, अशी कथा आहे. माझी डावी दाढ खरंच नाही. हेन्री गुडघ्यावर बसले, बोट घातलं आणि इंग्रजीतलं भाषण पार विसरले. मग एकदम गहिवरून मराठीतच ओरडले, "अरे देवा, माझा मालक गेला रे! चाळीस वर्षं तुझ्या मागे चाललो, आता मी कोणाच्या मागे जाऊ?"

मैदानभर लोक उठून उभे राहिले. मग टाळ्याच टाळ्या. एक बाई डोळे पुसत होती. नंतर कळलं, लोकांना ती जुनी फ्रेंच वाटली.

मी डोळे मिटून पडलेलो, पोट हलू न देता हसायचा प्रयत्न करत. हृषिकेशने सगळं फोनवर घेतलंय. त्यात मागून त्याचा आवाज येतो, शेजारच्या कोणाला तरी सांगतोय, "दॅट्स माय डॅड, मेट. दॅट्स माय डॅड."

चारनंतर गर्दी पांगली. मी बिस्किटचं खोगीर उतरवायला घेतलं, तेवढ्यात सुनेत्रा कुंपणाच्या आत आली. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने घोड्याला हात लावलेला नाही. ती सरळ बिस्किटसमोर उभी राहिली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"खोगीर राहू दे," ती म्हणाली. "मला बसवा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "तुला?"

"मला. तुमच्यासारखं धावायचं नाहीये. नुसतं बसून बघायचंय, वर एवढं काय आहे ते."

इझाबेलाने पायरी आणली. मी माझं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर घातलं, हनुवटीखाली पट्टा लावला. पट्टा पुन्हा एकदा तपासला. हृषिकेशने एका बाजूने धरलं. पंजाबी ड्रेस सावरत ती वर बसली आणि खोगिराचा पुढचा भाग दोन्ही हातांनी घट्ट पकडला.

"आजी, आर यू स्केअर्ड?" शाल्मलीने विचारलं.

"हो. तू गप्प बस."

मी लगाम धरून चालायला लागलो. बिस्किटला मनात म्हटलं, बाबा रे, आज तुझी सगळ्यात चांगली चाल. पहिल्या फेरीत ती फक्त त्याच्या कानांकडे बघत होती. दुसऱ्या फेरीत मान वर झाली. रिकाम्या मैदानाकडे बघितलं, झाडांकडे बघितलं, माझ्या टकलाकडे बघितलं.

"इथून सगळं दिसतं की हो," ती म्हणाली.

फेरी संपली. पायरीपाशी थांबलो, तिला उतरवायला हात पुढे केला. तिने हात धरला, जरा दाबला आणि सोडून दिला.

"आणखी एक," म्हणाली. "घाई काय आहे?"